दुसऱ्या हँडलची पाचवी खाच

अंत्या, तुझा चमचा सापडला. टाकीतच होता, मातीत. नवी माती ओतायची म्हणून मी जुनी उपसत होतो, तर खोऱ्याला टणकन लागला. तुझ्याच घरच्या, शैलावहिनींच्या स्वयंपाकघरातून तू उचलून आणलेला, एक कड कानशीने घासून सपाट केलेला तो चमचा. तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि एवढे दिवस मी तो तुझ्या ड्रॉवरमध्ये, तुझ्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात, चहाच्या किटलीमागे शोधत होतो. खरं सांगायचं तर चमच्यावाचून काही अडलं नव्हतं. काहीतरी शोधत राहिलं की हात गुंतलेले राहतात आणि रडायला वेळ मिळत नाही, एवढंच.

सुमनताईंचं मशीन परत आलंय. सटाण्याहून टेम्पोने आलं, सोबत तू घालून दिलेल्या नियमाप्रमाणे त्यांच्या शेतातल्या मातीची दोन पोती. पोत्याला चिठ्ठी बांधलेली, 'अनंतकाकांनाच लावायला सांगा.' त्यांना काही माहीतच नाही. मी टेम्पोवाल्याला पाणी दिलं, मशीन उतरवून घेतलं आणि मागच्या बाजूला जाऊन हँडलं बघितली. पहिलं तिसऱ्या खाचेत, तिसरं तिसऱ्या, चौथं तिसऱ्या. आणि दुसरं पाचव्या खाचेत. मी तिथेच पोत्यावर बसलो.

तुला सगळं माहीत आहे, पण हे दुसरंही कोणी वाचेल म्हणून सांगतो. बी टोकायचं हे चार ओळींचं जुनं मशीन. ट्रॅक्टरमागे चालतं. प्रत्येक ओळीला एक युनिट. युनिटला दोन गोल तवे, ते जमिनीत चर पाडतात आणि त्या चरात बी पडतं. बाजूला रबरी चाक, ते जमिनीवर टेकून चालतं. चाक वर घेतलं की तवे खोल घुसतात, खाली घेतलं की उथळ. चाक वर-खाली करायला हँडल, आणि हँडल अडकवायला खाचांची पट्टी. एका खाचेला अर्धा इंच. नव्या मशीनची चारी हँडलं एका खाचेत ठेवली की काम झालं. जुन्याचं तसं नसतं. कुठल्या युनिटचं काय झिजलंय ते बघून प्रत्येकाला वेगळं लावावं लागतं. ताईंच्या मशीनच्या दुसऱ्या युनिटचे पंधरा इंची तवे झिजून तेरावर आले होते. व्यासात दोन इंच म्हणजे खोलीत एक इंच, म्हणजे दोन खाचा. हा हिशेब मी झोपेतसुद्धा करू शकतो. गेल्या वर्षी जागेपणी केला नाही.

आपण गिरणीत होतो तेव्हा आपल्याला शेतीतलं काय कळत होतं? तू फिटर, मी टर्नर, एकाच वर्कशॉपमध्ये समोरासमोर. तुझं गाव मालवणकडे, तिथे भाताची लावणी हाताने. आमची तर पणज्यापासून जमीनच नव्हती. गिरणी बंद झाल्यावर घोडपदेवचा हा गाळा घेतला, पंपाचे शाफ्ट आणि प्रेसचे बुश करत बसलो, आणि एक दिवस दारूखान्याच्या भंगारबाजारातल्या एका दुकानदाराने असलंच एक मशीन दाखवलं. म्हणाला, हे नेमकं काय आहे ते तरी सांगा. तू त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्यास आणि म्हणालास, "येशा, ह्या बी पेरूचा दिसता. करूया?" आपण केलं. ते कुठे नाशिककडे गेलं, तिथून दुसरं आलं, मग तिसरं. वीस वर्षांत नाशिक-धुळ्याकडच्या माणसांना घोडपदेवचे दोन म्हातारे ठाऊक झाले आणि आपल्या गल्लीतल्या माणसांना आपण काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मातीचा नियम तुझा. आधी माती पाठवा, मग मशीन. मी केवढा चिडलो होतो. मुंबईत शेतातली माती मागवायची, लोक हसतील. तू गिरणीच्या सायझिंग खात्यातली, सुताला खळ लावायची बारा फुटी लांबट टाकी भंगारातून उचलून आणलीस, तीत माती भरलीस, पाणी शिंपडून मुठीत दाबून बघितलीस. मुठीतला गोळा टिकला पण बोटाने ढकलल्यावर फुटला, तर ती पेरणीच्या वापशाची माती. मग युनिट सोडवून ट्रॉलीला लावायचं, वर वाळूची पोती, दोघांनी मिळून टाकीवरून ढकलत न्यायचं. आणि मग तू उकिडवा बसून चमच्याने माती बाजूला करत बी शोधायचास. बी दिसलं की शेजारी बोट उभं खुपसायचं. टोकापासून पेराच्या दुसऱ्या रेघेपर्यंत, म्हणजे दोन इंच, गेलं तर मक्याची खोली बरोबर.

एकदा गणपतीच्या सुट्टीनंतर शटर उघडलं तर टाकीत मका वीतभर आलेला. चाचणीचं बी राहून गेलं होतं. शटरच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे सगळी रोपं वाकलेली. मी उपटायला गेलो तर तू हात धरलास. आठवडाभर टाकी वापरू दिली नाहीस, रोज पाणी घातलंस, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलंस. शेवटी चार रोपं पत्र्याच्या डब्यात लावून गल्लीत उन्हाला ठेवलीस आणि दुपारी शेजारच्यांच्या बकरीने ती खाल्ली. दोन दिवस तू त्या बकरीशी बोलत नव्हतास. मी हसून हसून खोकत होतो. आता ती बकरी दिसली की मला बघवत नाही.

आपलं भांडण त्या बोटावरून. किती वर्षं चाललं? मी म्हणायचो, व्हर्नियर घे, डेप्थ गेज घे, मी करून देतो, बोट हे काय माप आहे? तुझं बोट आणि माझं बोट सारखं आहे का? तू म्हणायचास, "माती तुझ्या व्हर्नियराक ओळखता काय?" मी म्हणायचो, कुठलं मशीन कुठल्या खाचेत लावलंस ते वहीत लिही. तू म्हणायचास, लिहून काय होणार, पुढच्या वर्षी झीज वाढलेली असणार, परत खणूनच बघायचं. हे भांडण अर्धवटच राहिलं. आणि एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. एका दुपारी तू बाकड्यावर झोपला होतास, हात खाली लोंबत होता. मी व्हर्नियर आणला आणि तुझं बोट मोजलं. टोकापासून दुसऱ्या रेघेपर्यंत दोन इंच आणि सहा थाऊ. सहा थाऊ म्हणजे इंचाचे हजारातले सहा भाग. माझ्या लेथवरच्या पहिल्या नोकरीत मला यापेक्षा जास्त चूक माफ होती. सांगितलं असतं तर तू आयुष्यभर ऐकवत बसला असतास, म्हणून गप्प बसलो. सांगायला हवं होतं.

आता गेल्या मे महिन्याचं. इथे माझा हात अडतोय, पण लिहितो.

दोन वर्षांपासून तुझा हात किंचित थरथरायचा. चहाची बशी वाजायची. मी त्यावरून तुझी टर उडवायचो, "अंत्या, बशी वाजवून कोणाला बोलावतोस रे?" तू हसायचास. मी पण हसायचो, पण माझ्या मनात ते जाऊन बसलं होतं. ताईंचं मशीन तू लावलंस. तुला गावी जायचं होतं, देवळाच्या कामाला, दोन दिवस. निघताना तू काहीतरी ओरडून सांगितलंस. लेथ चालू होता. 'तवे मिळाक नाय' एवढं कानावर आलं. मी मान हलवली. आदल्या दिवशी आपण वहीवरून भांडलो होतो आणि मी अजून रागात होतो, म्हणून लेथ बंद करून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मशीन चढवण्याआधी मी फडकं मारायला घेतलं आणि हँडलं दिसली. तीन एका रांगेत, एक पुढे आलेलं. अंत्या, तुला माहीत आहे मी कुठे वाढलो ते. गिरणीत, सूत कातायच्या रिंग फ्रेमवर चारशे स्पिंडल एका उंचीला, एक जरी रांगेबाहेर दिसलं तरी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, शिवी घालायचा. आमच्या डोळ्यांना रांगेबाहेरचं सहनच होत नाही. आणि मला वाटलं, गेला अंत्याचा हात. दोन खाचा चुकलाय आणि त्याला कळलंसुद्धा नाही. मला तुझी कीव आली. खरंच सांगतो, कीव आली. मी ते हँडल उचललं आणि तिसऱ्या खाचेत बसवलं. चारी एका रांगेत. मला फार बरं वाटलं. तू परत आल्यावर बोललो नाही, कारण तुझी चूक तुला दाखवून तुला वाईट वाटू नये असा मोठेपणा मी करत होतो.

जूनमध्ये ताईंचा फोन आला तेव्हा मी लेथवरच होतो. तू शटरपाशी उभा राहून बोलत होतास. तुझा चेहरा बदलला. तू काहीतरी विचारलंस, मग बराच वेळ काही बोलला नाहीस. मी लेथ बंद केला. त्यानंतरचंच मला ऐकू आलं. "माझाच हात चुकला, ताई. दुबार पेरणी करावी लागेल. मला माफ करा." फोन ठेवून तू मला सांगितलंस, सगळ्या रानात चारातली एक ओळ टकली आहे. बी वरवर पडलं, निम्मं पाखरांनी वेचलं, निम्मं वाळलं.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "होतं रे. वय झालं आता."

हे वाक्य मी बोललो. तुझ्या तोंडावर बोललो. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. तू ओरडून सांगितलेलं, की नवे तवे मिळाले नाहीत, म्हणून झिजलेल्यांना दिलेल्या जास्तीच्या दोन खाचा, सगळं एका झटक्यात डोक्यात लागलं होतं, आणि तरी मी हे बोललो. तोंड उघडलं ते खरं सांगायला, आणि बाहेर पडलं ते हे. तू माझ्याकडे बघितलंस. किटली घेऊन चहा आणायला गेलास.

त्यानंतर खोली बरोबर आहे असं तू स्वतः कधी म्हणाला नाहीस. मशीन आलं की सगळं करायचास, बेअरिंग, साखळी, बी मोजून सोडणाऱ्या चकत्या, सगळं. टाकीवरून ट्रॉली ढकलायचास, उकिडवा बसून माती काढायचास, बी दिसलं की बोट खुपसायचास आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचास, "तू बघ रे, येशा. माका काय कळना नाय." मी व्हर्नियर घेऊन यायचो. प्रत्येक वेळी बरोबर निघायचं. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, बरोबर आहे. आणि प्रत्येक वेळी ती गोष्ट सांगायची संधी माझ्यासमोर, त्या टाकीपाशी, दोन हातांवर असायची. दहा मशीनं तरी गेली असतील. दहा वेळा मी बरोबर आहे म्हटलं आणि व्हर्नियर पुसून पेटीत ठेवला.

दिवाळीनंतर तुझं येणं कमी झालं. आधी पायऱ्या चढवत नाहीत म्हणालास, आपल्या गाळ्याला दोनच पायऱ्या. मग दुपारी येऊन बसायला लागलास. मग तेही बंद झालं. सकाळी शटर वर करताना मागून 'जयभीम येशा, चाय सांगितलस काय' असं ऐकू यायचं थांबलं. तरी कित्येक दिवस मी दोन चहा मागवत होतो. तुला भेटायला भोईवाड्याला आलो की आपण क्रिकेट आणि पुनर्विकास यांवर बोलायचो. तुझ्या चाळीचं पाडकाम कधी होणार, माझ्या चाळीचं कधी, कोणाला कितव्या मजल्यावर घर. तू म्हणायचास, मला तळमजला द्या, मला माती लागते. मी हसायचो आणि निघायचो. जिना उतरताना दर वेळी ठरवायचो, पुढच्या रविवारी सांगायचं.

पुढचा रविवार असतो असं मला वाटत होतं. मंगळवारी सकाळी तुझ्या थोरल्याचा फोन आला. छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं. भोईवाड्याच्या स्मशानात मी तुला खांदा दिला. लोक म्हणत होते, गिरणीतले दोस्त, भावासारखे होते. मला वाटत होतं, इथेच ओरडून सांगावं. कोणाला सांगणार? ज्याला सांगायचं तो तिरडीवर होता, डोळे मिटलेला. तुझा उजवा हात मी धरून बघितला. तो तेव्हा अजिबात थरथरत नव्हता.

तर आता हे मशीन आलंय, दुसरं हँडल पाचव्या खाचेत घेऊन. चार दिवस मी ते बघतोय. ज्या खाचेतून मी ते उचललं होतं तिथेच ते परत जाऊन बसलंय. कोणी बसवलं? ताईंनी स्वतः खणून शोधलं असेल, तर तू काही न कळता गेलास, आपला हात गेला असं समजून गेलास. आणि तू सांगितलं असशील, तर तुला सगळं माहीत होतं, आणि दहा महिने तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. यातलं काय खरं निघावं? मी चार दिवस या दोन्हींत लोंबकळतोय. एका बाजूला मी तुझा हात घेतला, दुसऱ्या बाजूला तुझ्यासमोर भित्रा ठरलो. फोन उचलून ताईंना विचारलं की कळेल. फोन उचलवत नाही.

म्हणून काम करायचा प्रयत्न केला. ताईंची माती टाकीत भरली. पाणी शिंपडलं. मूठ दाबली. गोळा फुटतो की नाही हे बघताना किती जोर लावायचा? तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. एकदा फार ओली झाली, मग पसरून वाळवली, मग फार कोरडी. ट्रॉली एकट्याने ढकलली तर अर्ध्यात तिरकी जाते. चमच्याने माती काढायला गेलो तर बी चमच्यासोबतच सरकतं आणि मग ते कुठे होतं तेच कळत नाही. तू कसं काढायचास रे? वरून काढायचास की बाजूने? वीस वर्षं मी तुझ्या शेजारी उभा होतो आणि मी बघितलंच नाही. मी फक्त शेवटी व्हर्नियर घेऊन यायचो. काल दुपारी मी त्या टाकीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून बसलो होतो, गुडघे टेकून, आणि तुझ्या नावाने हाका मारत होतो. शेजारच्या गाळ्यातला वेल्डर धावत आला, काका पडला काय म्हणून. मी म्हटलं, बी सापडत नाहीये. तो बिचारा माझ्यासोबत मातीत शोधायला लागला.

संध्याकाळी भोईवाड्याला गेलो. म्हटलं, निदान वहिनींना सांगावं. त्यांनी चहा केला. तुझा चमचा मी रुमालात गुंडाळून नेला होता, तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी लगेच ओळखला. "हा माझ्या सहाच्या सेटमधला. वर्षानुवर्षं मी शेजारणीवर आळ घेत होते," म्हणाल्या आणि हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावला. पदर बाजूला करून त्या आपणहून बोलल्या.

"भावजी, शेवटी शेवटी ते नुसते हात बघत बसायचे. खिडकीत बसून, असे समोर धरून. मला विचारायचे, 'गो, हात थरथरता काय गो माझो?' मी म्हणायचे, नाही हो, कुठे? मग पाण्याचा पेला भरून हातात धरायचे आणि पाणी हलतंय का बघायचे. त्यांना काय लागलं होतं हो मनाला? तुम्हाला काही बोलले होते?"

मी म्हटलं, नाही. अंत्या, अजून एकदा मी नाही म्हटलं. सांगायलाच गेलो होतो आणि त्या पेल्याचं ऐकून सांगणं टाळलं. चमचा तिथेच ठेवून निघत होतो, तर वहिनी म्हणाल्या, राहू द्या तुमच्याकडे, मला आता पाच पुरतात.

आज सकाळी शटर उघडलं आणि उभ्या उभ्याच ताईंना फोन लावला. बसलो असतो तर लावला नसता. आधी तू गेल्याचं सांगितलं. त्या रडल्या. मग मी म्हटलं, "ताई, गेल्या वर्षीची चूक अनंताची नव्हती. त्याने दुसरं हँडल पाचव्या खाचेत लावलं होतं. तो गावी गेल्यावर मी ते तिसऱ्यात आणलं. त्याला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही."

"मला वाटलंच होतं काका, काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "कारण मी फोन केला ना, तेव्हा त्यांनी पहिलं तेच विचारलं. दुसरं हँडल कुठल्या खाचेत आहे? मी बघून सांगितलं, चारी सारखीच आहेत, तिसऱ्यात. तर म्हणाले, चारी सारखी? नक्की? मी म्हटलं हो, एका रांगेत. मग गप्पच झाले. मला वाटलं फोन कट झाला. आणि मग म्हणाले, माझाच हात चुकला."

त्या पुढे म्हणाल्या, "संध्याकाळी त्यांनी घरून परत फोन केला. दुसरं पाचव्यात घ्या, बाकी हलवू नका, आणि प्रत्येक ओळ खणून बघा म्हणाले. कसं खणायचं तेही सांगितलं. आम्ही दुबार पेरलं ते चांगलं आलं काका. माझं झालं गेलं ते झालं. पण तुम्ही त्यांना सांगायला पाहिजे होतं."

"हो ताई," म्हटलं. "पाहिजे होतं."

म्हणजे तुला माहीत होतं. फोनवर 'चारी सारखी' हे दोन शब्द ऐकलेस त्याच क्षणापासून. चारी हँडलं सारखी करणारा या मुंबईत दुसरा कोण आहे? मी लेथ बंद करून तुझ्याकडे वळलो तेव्हा तुला माहीत होतं. मी 'वय झालं आता' म्हटलं तेव्हा माहीत होतं. 'तू बघ रे येशा' म्हणताना दर वेळी तू मला जागा करून देत होतास, आणि मी दर वेळी व्हर्नियर पुसत होतो.

मग तू हात का बघत बसलास रे? चूक तुझी नाही हे तुला ठाऊक होतं, मग तो पाण्याचा पेला कशाला? दिवसभर मी याच एका प्रश्नावर बसलोय, आणि मला जे उत्तर मिळतंय ते मला नको आहे. तुला कळलं होतं की मी हँडल का हलवलं. तुझा हात गेला असं मला वाटलं म्हणून हलवलं. दुसरं कोणी असं समजलं असतं तर तू त्याला दोन शिव्या घालून चहा पाजला असतास. पण वीस वर्षं तुझ्या शेजारी उभा राहिलेला, सहा थाऊंवरून भांडणारा येशा म्हणतोय म्हणजे असेल, असं तुला वाटलं. एक ओळ उगवली नाही त्याने तुला काही झालं नव्हतं. माझा विश्वास उडाला हे कळलं आणि तुझा स्वतःवरचा उडाला. अंत्या, तुझं बोट दोन इंच आणि सहा थाऊ होतं. मी मोजलं होतं. हे तुला कळलं असतं तर तू पेला हातात धरला नसतास. ते माझ्या खिशात होतं आणि मी दिलं नाही.

मला माफ कर असं म्हणायचं धाडस नाही. म्हटलं तरी तू उत्तर देणार नाहीस, आणि मला तुझं उत्तर ऐकल्याशिवाय ते पुरणार नाही. एक शिवी तरी घाल. 'मेल्या' म्हण. वीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा म्हणायचास.

ताईंनी मला फोनवर सांगितलं, काका, खणताना वरून नाही हं, बाजूने. अनंतकाकांनी तसंच सांगितलेलं. आधी चराच्या बाजूला खड्डा करायचा आणि मग चमच्याने भिंत हळूहळू कापत आत जायचं, म्हणजे बी जागेवर राहतं. तू मला न सांगितलेलं असं सटाण्याहून परत आलं. दुपारी वेल्डरला बोलावलं, दोघांनी ट्रॉली ढकलली, सरळ गेली. बाजूने कापत गेलो. बी दिसलं. व्हर्नियर समोर होता. मी तो उचलला नाही. बोट खुपसलं. माझं बोट तुझ्यापेक्षा आखूड आहे, ते दुसऱ्या रेघेच्या वर थोडं गेलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दर वेळी तेवढंच. पाचव्या खाचेत दुसरं युनिट आणि तिसऱ्यात बाकीची तिन्ही, सगळ्यांची खोली एक. तू लावलेलं जसंच्या तसं बरोबर होतं. मी एका केसानेही काही हलवलं नाही.

आता टेम्पो येऊन गेला. हे लिहून झालं की कागद घेऊन भोईवाड्याला जाणार आहे आणि वहिनींना वाचून दाखवणार आहे, या वेळी सगळं. मशीन चढवताना टेम्पोवाल्याने मागे बघितलं आणि म्हणाला, "काका, एक हँडल वाकडं राहिलंय. नीट करू का?"

मी दोन्ही हातांनी ते हँडल धरलं. म्हटलं, "हात लावू नकोस. ते अनंताने लावलंय."